हलक्या आठवड्याचा हक्क

अन्याय माझ्या मैत्रिणीवर झाला. पोळ्याच्या आधीच्या सोमवारी, सकाळच्या सरावाला, अकोल्यातल्या एका व्यायामशाळेत, सगळ्यांसमोर. विभागीय स्पर्धेला जाणाऱ्या मुलींची नावं फळ्यावर लिहिलेली होती. आमच्या सरांनी तिचं नाव तळहाताने पुसलं आणि त्या जागी त्याच वजनगटातल्या दुसऱ्या मुलीचं लिहिलं. तिचा गुन्हा एवढाच, की त्या आठवड्यात ती अर्ध्या वजनाने सराव करत होती.

अर्धं वजन मीच ठरवून दिलं होतं, आणि ते बरोबर होतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना ती माझी चूक समजून कुणी माझ्यावर दया करायला नको.

आम्ही दोघी अकरावीपासून वेटलिफ्टिंगच्या एकाच बारवर वाढलो. पुढे मी शिकायला अमरावतीला गेले, तिथे एका विद्यार्थी संघटनेत पत्रकं लिहायला लागले. मेसमधल्या पाणचट वरणावर लिहिलं, रखडलेल्या निकालांवर लिहिलं. वजन उचलणं मी सोडलं नाही, पण खरी उचलणारी तीच. शेतकऱ्याघरची, अकोल्याजवळच्या खेड्यातून रोज पहाटेच्या एसटीने येणारी. मी दर शनिवारी अकोल्याला जायचे आणि आम्ही सोबत सराव करायचो.

गेल्या वर्षी ती अडकली. महिनोन्‌महिने वजन तेच. मनगट दुखायचं, झोप लागायची नाही, चिडचिड व्हायची. सरांचा उपाय ठरलेला होता: "अजून जोर लाव." मी वाचलं, अमरावतीतल्या जुन्या उचलणाऱ्यांना विचारलं आणि तिला आखून दिलं. तीन आठवडे चढतं वजन, चौथा आठवडा हलका. हलका म्हणजे सुट्टी नव्हे. बार हातात घ्यायचाच, पण निम्म्या वजनाने, कमी वेळा, प्रत्येक उचल स्वच्छ. शरीर उचलताना वाढत नाही, उचलून झाल्यावर सावरताना वाढतं. सावरायला वेळ दिला नाही तर थकवा साठत जातो आणि एक दिवस सांधा हिशेब मागतो. इतकं साधं आहे हे.

साधं, पण मुलीच्या घरात नाही. पहिल्या हलक्या आठवड्यात तिने आईला खरं सांगून टाकलं, की या आठवड्यात मले आराम हाय. झालं! पोरगी रिकामी आहे हे कळायचा अवकाश, घरातलं तुंबलेलं सगळं काम तिच्या अंगावर आलं. गहू निवडा, गोधड्या धुवा, काकूसोबत शेतात निंदायला जा. रविवारी मला फोन आला.

"बावा, तुह्या आरामानं माही कंबर मोडली. मले वजनच दे."

मी खूप हसले आणि मग मला संताप आला. पुरुष दमला तर खाटेवर पडतो. बाई दमली तर काम बदलते, आणि त्यालाच घरात आराम म्हणतात. त्या दिवसापासून आमच्या आखणीत नवीन नियम आला: हलका आठवडा घरी कळू द्यायचा नाही. रोजच्याच वेळी निघायचं, रोजचीच बॅग घ्यायची. सराव लवकर संपला तर व्यायामशाळेमागच्या निंबाखाली पाय पसरून बसायचं. हलका आठवडा शक्यतो पाळीच्या दिवसांत बसवायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत तर उलटच करायचं: जेव्हा शेत तिला ओढून घेतं, तेव्हा बारवरचं वजन वाढवायचं नाही, कारण वेचणी हाच जड आठवडा. कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कापूस वेचला नसावा.

आखणी लागू पडली. काही महिन्यांत मनगट शांत झालं, वजन हललं, पुन्हा हललं. व्यायामशाळेतली मुलं टोमणे मारायची, "आज मॅडमचा हलका वार हाय काय? चहा आणू?" ती म्हणायची, "आण. साखर जास्त टाक, तुह्या तोंडात तं नाहीच हाय." पण त्या सोमवारी ती निंबाखाली बसलेली असताना टोमणा सरांनी मारला, आणि सरांना उत्तर देता येत नव्हतं.

"झोपाले आली काय इथं? स्पर्धा तोंडावर अन ही सावलीत. वजन होत नसन तं घरी भाकरी थाप."

आणि नाव पुसलं. हे सगळं मला अमरावतीत तिच्या फोनवरून कळलं.

सर वाईट माणूस नाहीत. मुलींकडून कधी फी मागितली नाही, बसला उशीर झाला तर स्वतः गाडीवर बसस्टँडपर्यंत सोडलं. म्हणूनच मला जास्त राग आला. वाईट माणसावर पत्रक काढणं सोपं असतं.

मी तरी काढायला घेतलंच. रात्री लिहिलं, सकाळी छापायला टाकणार होते. तिला फोनवर वाचून दाखवलं. मथळा होता: "खेळाडू मुलींच्या श्रमाची लूट थांबवा!" तिने सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "आता फाडून टाक."

"काहून?"

"मले उचलाचं हाय, मोर्चा नाही काढाचा. तू ये. आपण सरांच्या घरी जाऊ."

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सरांच्या गावी पोचलो. त्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते हे माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं. तिच्या नव्हतं. सर अंगणात बनियनवर, शेजारी कोमट पाण्याची बादली, हातात हळद मिसळलेलं लोणी. जिथे वर्षभर जू बसतं, तिथे बैलाच्या खांद्यावर ते चोळत होते. जनावराने डोळे अर्धे मिटले होते. सरांची बायको, आमच्या काकू, ओसरीवर चहा गाळत होत्या.

मी सुरुवात केली, "सर, आधुनिक प्रशिक्षणात थकवा ही—"

"तू गप. अमरावतीचं भाषण अमरावतीले ठेव."

मैत्रिणीने चप्पल काढली, बादलीजवळ बसली आणि दुसऱ्या बैलाचा खांदा चोळायला लागली. सरांनी पाहिलं, पण हटकलं नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सर, ह्याचा खांदा सुजला होता वाटते."

"डवरणीच्या टायमाले. पिकात डवरा ओढू ओढू जू घासलं."

"मंग काय केलं?"

"काय कराचं? जुंपला नाही. सूज उतरली, मंग हलकी गाडी ओढाले लावला. नुसता बांधून ठेवला तं अंग आखडते. अन तसाच डवऱ्याले जुंपला असता तं खांदा फुटला असता."

"मंग मी काय करून राहिली होती, सर?"

सरांचा हात थांबला. ओसरीवरून काकूंचं हसू ऐकू आलं.

"तू बैल हायेस काय बे?" सर म्हणाले.

"नाही ना. त्याचा खांदा तरी तुमाले दिसला."

सर पुन्हा लोणी चोळायला लागले. दोन्ही खांदे चोळून झाले, हात धुतले, चहा घेतला. मग बैलाकडे बघतच म्हणाले, "पोळा होऊ दे. मंग दोघी उचला. जास्त उचलन ते जाईन." माफी नाही, काही नाही. पण फळा पुन्हा कोरा झाला होता, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

पोळा झाला आणि दोघी समोरासमोर आल्या. दुसरी मुलगी कमी नव्हती. उंच, पाय मजबूत, बारखाली जाण्याचा तिचा वेग माझ्या मैत्रिणीपेक्षा जास्त होता. पण तिच्या दोन्ही मनगटांना पट्ट्या होत्या आणि चेहरा रात्रभर जागल्यासारखा. शेवटच्या वजनाला माझी मैत्रीण आली, श्वास घेतला, बार छातीशी आला, डोक्यावर गेला आणि तिथे थांबला. मी ओरडले, माझ्या शिक्षणाला न शोभेल असं काहीतरी. दुसरी आली. तिचाही बार डोक्यावर गेला, पण डावं कोपर वाकलं आणि प्लेटा जमिनीवर आदळल्या.

सरांनी फळ्यावर माझ्या मैत्रिणीचं नाव लिहिलं. मला वाटलं, जिंकलो.

मग सर त्या मुलीकडे गेले, तिच्या कोपराला मलम लावलं, अगदी मायेने, आणि म्हणाले, "उद्यापासून अजून जोर लाव."

ती भिंतीला टेकून बसली होती. "मले कोणी सांगतलंच नाही का थांबता येते म्हणून," ती म्हणाली. सरांना नाही, आम्हाला नाही, नुसतीच.

माझ्या लक्षात आलं की पुसलेलं नाव ही फार छोटी गोष्ट होती. जिच्यासाठी ते पुसलं, तिच्यावरही तोच अन्याय चालला होता, फक्त तिचं नाव फळ्यावर असल्यामुळे तो कुणाला दिसत नव्हता. मैत्रीण तिच्याजवळ जाऊन बसली.

"पाळी कवा येते ते सांग. त्या हिशोबानं तुहा हलका आठवडा बसवू."

"सर रागावतीन."

"रागावू दे. मी बसतो तुह्यासंगं निंबाखाली."

"अन घरी? आई म्हणन रिकामी हायेस तं..."

माझ्या मैत्रिणीजवळ उत्तर होतं: बॅग घे अन ये. पण ते ऐकून त्या मुलीने दाराकडे चोरून बघत होकाराची मान हलवली, आणि मला आमच्या हुशारीची लाज वाटली. दोन तरण्याताठ्या, अंगात ताकद असलेल्या मुली विश्रांती चोरायचा बेत करत होत्या.

म्हणून वाचणाऱ्या, हे तुला सांगते. तुझ्या घरात बार उचलणारी, धावणारी, कबड्डी खेळणारी मुलगी असेल, तर आज तिला विचार: तुझा हलका आठवडा कोणता? तिला तो नसेल तर तिच्या सरांना जाऊन विचार, का नाही. आणि तो आठवडा आला की तिच्या वाटची भांडी तू घास, तिच्या वाटचे गहू तू निवड, आणि तिला खाटेवर पडू दे, सगळ्यांच्या देखत.