बंपरमागचं रडार

पौड रस्त्याला माझं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. फुटका बंपर जोडावा तर मीच, हा माझा तोरा. आणि शोरूमवाल्यांवर पहिल्यापासून राग. छपराला काच लावायची, पुढं टीव्हीएवढा पडदा बसवायचा आणि किंमत लाखा-दोन लाखांनी चढवायची! पूर्वी बंपर फुटला की नुसता बंपरच फुटायचा. आता अर्धी गाडी विकत घेतल्यागत बिल येतं.

एकदा भूगावला राहणारं एक जोडपं फुटक्या बंपरची गाडी घेऊन आलं. दोघं नांदेडकडची. तो कंप्युटर कंपनीत रात्रपाळीला, ती पोटुशी. शोरूमनं दिलेला खर्चाचा कागद त्यानं माझ्यापुढं धरला. वाचून मी कपाळावर हात मारला. बंपरचे पैसे वेगळे, आणि त्याच्यामागं बसवलेलं रडार मशीनवर सरळ करायचे त्याच्या दुप्पट.

"नाकापेक्षा मोती जड झाला की ह्यो! करतं काय ह्ये रडार?"

"ते बंपरच्या आडून पुढचं बघतं. समोर काही आलं तर गाडी आपोआप ब्रेक मारते, काका."

"मग देवानं पाय कशाला दिलेत?"

तो हसला. ती हसली नाही. "सकाळी घरी येताना यांना डुलकी लागते," ती म्हणाली. "दोनदा थोडक्यात वाचलेत. म्हणून साधं मॉडेल सोडून हे महागाचं घ्यायला लावलं मी. माझ्या पाटल्या मोडल्यात त्यासाठी."

"लुटत्यात तुमाला, ताई. माज्याकडं चार पैशात होतंय. सांजच्याला घिऊन जावा."

बंपर उतरवला. मागं मधोमध तळहाताएवढा काळा डबा होता. बंपरच्या आतल्या बाजूला, बरोबर त्याच्यासमोर एक स्टिकर होतं: इंग्रजीत चार ओळी आणि रंगाच्या ब्रशवर मारलेली फुली. इंग्रजी मला येत नाही. फुली कळली, खोटं कशाला बोलू? पण भेग नेमकी तिथंच होती, आणि भेग दिसेल असं काम मी जन्मात कधी दिलं नव्हतं. बोटभर जाड पुट्टी भरली, घासली, वर रंगाचे दोन हात मारले. संध्याकाळी त्यानं बंपरवर हात फिरवला, त्याला जोड सापडला नाही. माझी छाती फुगली.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. समोर पिवळा दिवा लागतोय म्हणाला.

"बॅटरीची वायर काढून परत लावा. जाईल."

दिवा गेला, असं त्यानं कळवलं. पुन्हा लागला असणारच. त्यानं पुन्हा विचारलं नाही, कारण त्याचा माझ्यावर भरवसा होता. मीही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी सकाळी, चांदणी चौक उतरून भूगावकडे येताना, त्याची गाडी उभ्या डंपरवर गेली. रस्त्यावर ब्रेकची खूणसुद्धा नव्हती, असं बघणारे सांगत होते. तो जागीच गेला.

पोलिसांचं आटोपल्यावर घरच्यांनी गाडी माझ्याकडेच पाठवली. ओळखीचा माणूस, नीट विकून देईल म्हणून. बंपरचे तुकडे मागच्या सीटवर टाकलेले होते. मधला तुकडा उचलून मी उजेडात धरला. रंग अजून चकाकत होता. पुट्टीचा टवकासुद्धा निघाला नव्हता. काम पक्कं होतं.

महिन्याभरानं ती त्याच्या वस्तू न्यायला आली. पोट आता चांगलंच दिसत होतं. डॅशबोर्डवरचा छोटा गणपती आणि त्याचा चष्मा तिनं पिशवीत घातला. मग चेपलेल्या गाडीकडे बघत उभी राहिली.

"काका, तुमचंच खरं होतं. लुटलं मला. पाटल्याही गेल्या, आणि..." तिनं पिशवीला गाठ मारली. मग म्हणाली, "थांबायला पाहिजे होती ना हो गाडी?"

तो तुकडा माझ्या पाठीमागं, बाकावर, फडक्याखाली होता.

"व्हय, ताई," मी म्हणालो. "फसवत्यात ही शोरूमवाली."