मेहुण्याचा दारूगोळा

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, टेक्सासमध्ये राहतो आणि आपल्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी करतो. लोक घरी पापड करतात, लोणचं घालतात, अगदीच हौस असेल तर साबण करतात. हे चिरंजीव काडतुसं करतात. आणि हा तोच माणूस, ज्याला चहाचं आधण किती ठेवायचं हे लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. लग्नानंतरही त्याने ते शिकून घेतलं असं नाही. विचारायची सोय झाली, एवढंच.

मी आणि बायको एकदा त्याच्याकडे आठवडाभर राहिलो होतो. दुसऱ्यांच्या घरी पाहुण्यांना आधी देवघर दाखवतात. त्याने मला गॅरेज दाखवलं. बाकावर लोखंडी दांड्याचं एक यंत्र बोल्टने पक्कं केलेलं, चकलीच्या सोऱ्याचा थोरला भाऊ शोभेल असं. बाजूला पितळी पुंगळ्यांची ताटलीभर रास.

"भावोजी, झाडलेली पुंगळी टाकून द्यायची नसते," तो मला समजावू लागला. "ती उचलायची, घासायची, परत मापात आणायची. मग तळाला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, आत दारू मोजून, वर गोळी दाबून बसवायची. झालं काडतूस."

"म्हणजे करंजी," मी म्हणालो. "पारी, सारण आणि कड दाबायची."

तो हसला नाही. माझ्या विनोदांना ही सवय आहे.

दारू मोजायला त्याच्याकडे एक इवलासा काटा होता. आमच्या गल्लीतला सोनारसुद्धा इतक्या लाडाने वजन करत नसे. मी जरा वाकून बघायला गेलो, तर म्हणतो, "भावोजी, ह्या बाजूला श्वास सोडू नका." मेहुण्याच्या घरी जेवणखाण, मानपान सगळं झालं, पण श्वासावर बंदी प्रथमच आली.

मग त्याने एका लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत पुंगळ्या ओळीने उभ्या केल्या आणि वरून टॉर्च मारून एकेकीत डोकावू लागला. चुकून एखादीत दोनदा दारू पडली, तर रिव्हॉल्व्हर हातातच फुटतं म्हणे. म्हणून सगळ्यांची पातळी सारखी आहे ना, ते बघायचं. साधंसुधं काडतूसही नव्हतं ते. अस्वल आडवं करेल अशा ताकदीचं.

"आणि तू मारणार कोणाला?" मी विचारलं.

"कोणाला नाही. कागदाला."

कागदाला! दर रविवारी हा गृहस्थ तासभर गाडी चालवून जातो, कागदावरच्या गोलाला भोकं पाडतो, पुंगळ्या वेचतो आणि घरी येऊन परत सारण भरायला बसतो. मलाही चला म्हणाला होता. खांदा दुखतो, असं मी सांगितलं. तोपर्यंत तो दुखत नव्हता.

आमचं घर सिंगापूरला, ईस्ट कोस्टला. मी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत कामाला आहे, आणि लोक नियम पाळतात की नाही हे बघणं, हेच माझं काम. त्यामुळे रस्ता रिकामा असला तरी मी सिग्नलचा हिरवा माणूस लागेपर्यंत हलत नाही. मुलगी माझ्याबरोबर चालताना चार पावलं लांब राहते.

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांना एक्याऐंशी वर्षं पूर्ण होत आली, तसं बायकोने सहस्रचंद्रदर्शनाचं ठरवलं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला जितकी वर्षं तितक्या दिव्यांनी ओवाळायचं. सासूबाईंनी एकच अट घातली. "तो आला तर मी बसेन. मुलगा फोनवर आणि मी पाटावर, असलं काही मला चालायचं नाही." मुलगा बरीच वर्षं आला नव्हता. कधी सुट्टी नव्हती, कधी घराचं छप्पर गळत होतं. कागदाला मात्र त्याने कधी तसं कळवलं नव्हतं.

शेवटी एकदा तो यायला तयार झाला. "आईसाठी मी स्वतःच्या हाताने काहीतरी केलंय," फोनवर म्हणाला. "काय ते विचारू नका, भावोजी." मी विचारलंही नाही. मी माझं कर्तव्य केलं: इथे काय आणू नये, याची त्याला लांबलचक सूचना पाठवली. च्युइंगगम आणू नकोस, सिगारेट आणू नकोस, कसलंही रोप आणू नकोस. च्युइंगगमखाली तर रेघ मारली. काडतुसांबद्दल एक शब्द नव्हता. आईच्या औक्षणाला कोणी काडतुसं आणील, हे माझ्या बँकेने शिकवलं नव्हतं.

विमानतळावर सासूबाई हट्टाने आल्या. नवी नऊवारी, मांडीवर पर्स, नजर त्या सरकत्या दारावर. माणसं बाहेर येत राहिली, हा काही येईना.

"विमान आलंय, आई. सामान यायचं असेल," मी म्हणालो.

"सामान राहू दे म्हणावं. मुलगा पाठवा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. "भावोजी, जरा प्रॉब्लेम झालाय," त्याचा आवाज एकदम बारीक. "मी इथे एका खोलीत आहे. आईला सांगू नका."

त्याचं काय झालं होतं, तर त्याने आईसाठी निरांजनं केली होती. जुन्या पुंगळ्या कापून, चकचकीत घासून, त्याच लाकडी ठोकळ्यात ओळीने बसवलेली. प्रत्येकीत एक वात राहील, अशी बेताची. अमेरिकेत त्याला कोणी हटकलं नव्हतं. इथे परवान्याशिवाय रिकामी पुंगळी बाळगणंसुद्धा गुन्हा. एक्स-रेच्या पडद्यावर तो ठोकळा कसा दिसला असेल, ते डोळ्यांसमोर आणून बघा. शिस्तीत उभी असलेली काडतुसांची पलटण, आणि शेजारी वातींचं पुडकं.

"तू त्यांना काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, आईच्या आरतीसाठी आहे."

तो परत जाईल की आत जाईल, कळेना. दोन्हींत सासूबाई पाटावर बसणार नव्हत्या. आणि इतकी वर्षं हिरव्या माणसाची वाट बघत जमवलेली माझी अब्रूही एका रांगेत उभी राहून एक्स-रे काढून घेत होती, हेही मनात आलं. आधी सासूबाई मनात आल्या, असं मी बायकोला सांगितलंय.

"मामा इज सो ब्लर, लाह," शेजारी उभी राहून सगळं ऐकणारी माझी मुलगी म्हणाली. तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ब्लर म्हणजे ज्याला जगात काय चाललंय त्याचा पत्ता नाही तो. इतका नेमका शब्द मला मराठीत सुचला नव्हता.

दुपार कलल्यावर दार सरकलं आणि हा बाहेर आला. कडक समज देऊन त्याला सोडलं होतं. ठोकळा ठेवून घेतला होता, वाती परत दिल्या होत्या. सासूबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग विचारलं, "काय आणलं होतंस?"

त्याने सांगितलं. लपवाछपवी त्याला कधीच जमली नाही.

"माणसं मारायच्या नळ्यांत तूप घालून मला ओवाळणार होतास? मला आयुष्य मिळावं म्हणून?"

"माणसं नाही गं आई. मी फक्त कागद मारतो."

"त्या कागदाने तुझं काय वाकडं केलंय?"

इतकी वर्षं मी जे शंभर शब्दांत म्हणत होतो, ते त्यांनी एका वाक्यात उरकलं. गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "दिवे लागणारच आहेत. कणकेचे कर. हाताने करायची एवढी खाज आहे ना? कर आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघं. मला वाटलं, आता मजा बघू. चहाचं आधण न येणारा माणूस कणीक काय मळणार! पण बायकोने पीठ मळून दिल्यावर त्याने आधी तिचा केकसाठीचा वजनकाटा मागितला. गोळे तोलून केले. एकेक गोळा अंगठ्याने खोलगट करून ताटात ओळीने मांडला. मी चार दिवे केले, त्यांतले दोन वाकडे आणि एक गळका. त्याने ते मुकाट्याने बाजूला सरकवले. मी वाकून बघायला गेलो, तर म्हणतो, "भावोजी, ह्या बाजूला श्वास सोडू नका."

दिवे वाफवून झाल्यावर त्याने चमच्याने तूप घातलं, आणि मग खिशातून फोन काढून वरून टॉर्च मारला. एकेका दिव्यात डोकावला. पातळी सारखी आहे ना?

"आता कशाला?" मी खेकसलो. "हा फुटणार आहे का हातात?"

"सवय आहे हो."

सासूबाई पाटावर बसल्या. म्हणजे गुडघ्यांमुळे खुर्चीवर, पाट पायाखाली. बायकोने ताट उचललं, भावाने दुसरी बाजू धरली, कारण ते जड होतं. सगळ्या ज्योती एका उंचीच्या होत्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. वाईट शोधायला मी बराच वेळ बघत राहिलो. माझा गळका दिवा ओट्यावर तसाच पडला होता.

सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग मुलाकडे. डोळे पुसले.

"चांगले झालेत," म्हणाल्या. "आता तेवढा चहा शीक."