गोधडीतला कंटेनर

पनवेलमधल्या आमच्या सायकलवाल्या काकांकडे भर दुपारी गेलात, तरी दिवा अंधारातच बघून घ्यावा लागतो. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून ते त्याच्या डोक्यावरून गोधडी टाकतात आणि स्वतःही आत शिरतात.

मला सायकलला पुढे लावायला दिवा हवा होता. वायर नको, वेगळी बॅटरी नको, सगळं एकाच डबीत.

"तुमी सायकल," काका गोधडीत म्हणाले, "मी न्हावा शेव्याचा कंटेनर."

मी दिवा लावला की ते तोंडाने 'पोंऽऽ' करत अंगावर यायचे. सगळ्यात झगझगीत दिव्याला त्यांनी डोळेच मिटले.

"यो नको. समोरचा आंधला झाला तं तुमालाच उडवंल ना!"

शेवटी एका दिव्याचा उजेड खाली, रस्त्यावर पसरला. कंटेनर हॉर्न न वाजवता शहाण्यासारखा बाजूने गेला. तोच दिवा मी घेतला.

त्याच संध्याकाळी शिरढोणहून परतताना समोरच्या काळोखातून 'पोंऽऽ' ऐकू आलं. मी दचकून कडेला झालो. माझ्या उजेडात काका उगवले, सायकलवर, दिव्याशिवाय.

"काका, तुमचा दिवा कुठाय?"

"माजे सगले दिवे इकायला हायेत!" ते ओरडले, आणि कंटेनर वाजत वाजत पुढे गेला.