ऑर्फासाठी निवडलेलं काडतूस

आमच्या हार्डवेअरच्या दुकानात डाव्या हाताला रंग, उजव्या हाताला बंदुका आणि मधे खिळे. रंगांच्या काउंटरवर मी, ल्युएला, गेली सव्वीस वर्षं उभी. बंदुकांच्या काउंटरवर हार्लन डीट्रिक, माझ्याही आधीपासून. इतकी वर्षं त्या माणसाचं बोलणं शेजारी उभं राहून ऐकायचं ही काय शिक्षा असते ते मला विचारा. मी जन्मात हरीण मारलं नाही, पण कुठलं काडतूस कशाला, हे झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

गिऱ्हाइकं बहुतेक मनाशी ठरवूनच यायची. कार्बाइन हवी, म्हणजे छोटी, हलकी रायफल, आणि तीही पिस्तुलाचंच काडतूस चालणारी, म्हणजे दोन्ही हत्यारांना एकच डबा पुरतो. हार्लन चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचा, "किती लांबून मारणार?"

"दिसेल तिथून."

"दिसतो तर मला चंद्रही."

मग त्याचं पुराण सुरू. पिस्तुलाची गोळी लांब नळीतून जरा जोरात जाते, खांद्याला धक्का कमी बसतो, सगळं खरं. पण पाऊणशे पावलांपुढे तिच्यात जीव उरत नाही. हरीण जखमी होऊन दोन डोंगर पलीकडे जाऊन मरेल आणि तू घरी गरम सूप पीत बसशील. लांबून मारायचं असेल तर रायफलचं काडतूस घे, तीस-तीस, नाहीतर मासे पकड. एका वकिलाला तर त्याने हवी ती बंदूक विकायलाच नकार दिला होता. मालक संतापला, पण हार्लनला काढून टाकायची त्याची हिंमत झाली नाही, कारण पंचक्रोशीत हार्लनचा शब्द म्हणजे शब्द होता.

त्याची बायको ऑर्फा. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं काढली, गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातचं जेवून मोठं झालेलं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी आमच्याकडे हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि शाळेलाही सुट्टी असते, कारण त्या दिवशी वर्गात कुणी आलंच नसतं. चौदाव्या वर्षापासून ऑर्फाने तो सोमवार चुकवला नव्हता. ओढ्याच्या वर एक सपाट खडक आहे, तिच्या बापाने दाखवलेला. त्यावर बसायचं आणि समोरच्या उतारावरच्या पायवाटेकडे बघत राहायचं. बंदूकही बापाचीच, जुनी तीस-तीस. तिचा नेम हार्लनपेक्षा चांगला होता. हे तोच सांगायचा, वर आणि हसायचा.

त्या वर्षी वसंतात ऑर्फाला कॅन्सर निघाला. औषध चढवायला डॉक्टरांनी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, नाण्याएवढी डबी बसवली. बंदुकीचा दस्ता टेकतो नेमकी तीच जागा. तिथे धक्का बसता कामा नये, असं त्यांनी बजावून सांगितलं. डाव्या खांद्यावरून मारून पाहावं, तर तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू.

"मला यंदा एक हरीण मारायचंय," ती हार्लनला म्हणाली. "पुढच्या वर्षीचं मला सांगू नकोस."

ऑक्टोबरभर हा माणूस दुकानात पिसाटल्यासारखा वागत होता. एकदा मी पांढऱ्या रंगाचे डबे रचत होते, तर येऊन उभा.

"ल्युएला, तीन-सत्तावन्न दिलं तर?"

"मला काय विचारतोस बाबा? मी रंग विकते."

"पिस्तुलाचं काडतूस. धक्का निम्म्याहून कमी. दस्त्याला मऊ गादी लावली तर चापटीएवढा."

"मग दे की."

"खडकावरून वाटेपर्यंत एकशेदहा पावलं आहेत. मी स्वतः मोजलीत."

"मग खडक बदल."

बायको बदल म्हटल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. "आता तिचा खडकही काढून घेऊ?" म्हणाला आणि निघून गेला.

शेवटी त्याने तीन-सत्तावन्नचीच कार्बाइन घेतली, दस्त्याला स्वतः गादी शिवली आणि घरामागे तिला सराव दिला. ऑर्फाने विचारलं, "पोचेल ना वाटेपर्यंत?" तो म्हणाला, "पोचेल." चौतीस वर्षं प्रत्येक अनोळखी माणसाला जे बजावलं, ते बायकोला सांगायला त्याची जीभ उचलली नाही. मी त्याला दोष देत नाही. माझीही उचलली नसती.

सोमवारी सकाळी दोघं खडकावर गेले. नारिंगी कोटांच्या पाठीवर परवाने टाचलेले, ऑर्फाच्या डोक्याला दोन टोप्या, कारण केस सगळे गेलेले. नऊच्या सुमाराला पायवाटेवर एक मोठं शिंगाळं हरीण आलं, डावं शिंग अर्ध्यातून मोडलेलं. ऑर्फाने घाई केली नाही. ते आडवं होईपर्यंत थांबली आणि गोळी मारली. हरणाने एक उडी घेतली आणि उताराखाली पळालं.

आमच्याकडे जखमी जनावर सोडत नाहीत. रक्ताचा थेंब दिसेल तिथे फांदीला नारिंगी फीत बांधायची आणि पुढचा थेंब शोधायचा. दोघं तसे निघाले. थेंब बारीक होते आणि लांब लांब पडलेले. अकरा फिती बांधून झाल्या, खाली लॉरेलच्या झुडपांची दाट जाळी लागली, आणि तेवढ्यात बर्फाळ पाऊस सुरू झाला. ऑर्फा हार्लनच्या खांद्यावर रेलून चालत होती, ओठ निळे पडलेले.

"चल, मागे फिरू," हार्लन म्हणाला.

"जाळीत बघू आधी. पन्नास पावलं फक्त."

"अगं, हातपाय बघ तुझे कसे झालेत. उद्या मी येतो ना."

"उद्या रक्त राहणार आहे का? पन्नास पावलं, हार्लन."

त्याने ऐकलं नाही. तिला जवळजवळ उचलूनच गाडीपर्यंत आणलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या रानावर काचेसारखा बर्फ बसला होता आणि लॉरेल जमिनीपर्यंत वाकली होती. हार्लन तीन दिवस फिरला, जाळीला वळसा घालून पार दोन डोंगर पलीकडे. तेवढ्या अंतरावरून पिस्तुलाच्या गोळीने हरीण जवळ पडणारच नाही, याची त्याला खात्री होती. काही सापडलं नाही.

तो हिवाळा मला अजून आठवतो. मी दर गुरुवारी कोंबडी-मक्याचं सूप घेऊन जायची. ऑर्फा खिडकीशी पडलेली असायची, आणि विषय एकच.

"सत्तेचाळीस वर्षांत मी एकही जनावर असं सोडलं नाही, ल्युएला. किती दिवस तडफडलं असेल ते?"

"अगं, जनावर ते. विसर आता."

"हार्लन म्हणतो, तुझा नेम चुकला नाही, बंदूकच चुकीची होती. दोष माझा, म्हणतो." तिने उशी सरळ केली. "दुकानात कुणीही येवो, त्याला हा माणूस खरं सांगतो. मला म्हणाला, पोचेल. मी काय इतकी आजारी होते का, की मला खरंही सांगू नये?"

मी सूप वाढलं आणि तिने दोन चमचे घेतले.

फेब्रुवारीच्या शेवटी ती गेली. तिच्या तोंडी शेवटपर्यंत ते हरीणच होतं, असं हार्लन सांगत होता. अंत्यविधीला शाळेतली मुलं आली होती, आता बाप्ये-बायका झालेली. हार्लन सगळ्यांशी हात मिळवत उभा होता आणि कुणाचंच बोलणं त्याच्या कानात शिरत नव्हतं.

एप्रिलमध्ये बर्फ गेला तसा तो फिती काढायला रानात गेला. आपल्या फिती आपण काढायच्या असतात, नाहीतर पुढच्याची दिशाभूल होते. संध्याकाळी माझ्या दारात आला, बूट चिखलाने भरलेले.

"उद्या माझ्याबरोबर चल."

"रानात? माझे गुडघे बघ आधी."

"चल, ल्युएला."

गेले. एवढ्या वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. अकरावी फीत त्याने काढली नव्हती. तिथे मला उभं केलं आणि स्वतः जाळीत वाकून शिरला, मोठ्याने मोजत. मी त्याच्या मागे, फांद्या बाजूला सारत. एकेचाळिसाव्या पावलाला तो थांबला. मोठ्या दगडाच्या आडोशाला हाडं पडली होती, कोल्ह्यांनी थोडी इकडेतिकडे केलेली. कवटीचं डावं शिंग अर्ध्यातून मोडलेलं. त्याने एक बरगडी उचलून दाखवली. तिच्यात गोल छिद्र होतं, बोट जाईल एवढं.

"दुसऱ्या बाजूच्या बरगडीतही आहे," तो म्हणाला. "आरपार. फुप्फुसातून गेली. दोन मिनिटंसुद्धा जगलं नसेल ते. आम्ही फिती बांधत होतो तेव्हा इथे मरून पडलं होतं."

मला रडू आवरेना. तिने शेवटचे तीन महिने ज्या तडफडीचा विचार करत काढले, ती कधी झालीच नव्हती. मी म्हटलं, "हार्लन, तिला थंडी वाजत होती. कुणीही मागे फिरवलं असतं."

तो बरगडी हातात धरून दगडावर बसला.

"थंडी वाजतच होती," तो म्हणाला. "पण रायफलची गोळी असती ना, तर ते जवळच पडलंय हे मी मानलं असतं आणि तिला पाठीवर घेऊन जाळीत शिरलो असतो."