तिसऱ्या फाट्यावरची डहाळी

मी रागीट माणूस आहे, हे आधीच कबूल करतो. आयुष्यभर मास्तरकी केली की आवाज आपोआप चढतो. त्या रविवारी पहाटे जव्हारच्या आमच्या घरात मी ओरडत होतो ते बुटांवरून.

मे महिन्यात आमचा नऊ जणांचा गट हिमालयात बर्फावर चालायला जाणार होता. त्याआधी दर रविवारी मोखाड्याच्या डोंगरांत सराव. पाय रुळावेत म्हणून बायकोला मी जानेवारीतच चांगले बूट आणून दिले होते. बाईसाहेबांनी काय करावं? बुटांना हळदीकुंकू लावलं आणि खोक्यात घालून कपाटावर ठेवले. सगळा सराव केला तो जुन्या सँडलवर. "नवी वस्तू आहे, हिमालयात घालीन. इथल्या मुरमात कशाला झिजवायची?" आणि आज तर शेवटची परीक्षा होती, बुटांशिवाय चालणार नव्हतं.

"आता फोड आले की माझ्यापाशी रडत बसू नकोस," मी म्हणालो.

"रडले होते का कधी?" ती म्हणाली आणि नाडी बांधायला लागली.

ती अंगणवाडीत शिकवते. चित्रातला बर्फाचा डोंगर दाखवताना एकदा एका पोरीनं विचारलं, "बाई, हात लावल्यावर कसं लागतं?" हिला सांगता येईना. तेव्हापासून एकच ध्यास, एकदा बर्फाला हात लावायचा. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी दुसरं काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

गटाची म्होरकी माझीच जुनी विद्यार्थिनी. तिचा नियम साधा होता. पोशेरा गावामागचा डोंगर ओलांडून पलीकडच्या पाड्यावर एकच्या आत पोचायचं. एकेकट्यानं, दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं, वाट आपली आपण शोधत. पोचला तो हिमालयात, राहिला तो घरी. ती स्वतः सगळ्यांच्या पुढं गेली. शेवटून दुसरा मी आणि अगदी शेवटी बायको.

एप्रिल महिना. भाताच्या रोपांसाठी राब जाळून शेतं काळी पडलेली, सागाला पान नाही, पाण्याचा थेंब नाही. वाटा म्हणाल तर ढीगभर, गुरांच्या, लाकडं आणणाऱ्यांच्या, सगळ्या दिसायला सारख्याच. पाटी नाही की खूण नाही.

पहिल्या फाट्यावर मी थांबलो. राग होताच, पण हात आपोआप करवंदीच्या जाळीकडं गेला. माझ्या लहानपणी साखरशेतहून जव्हारच्या बाजाराला चालत जायचो, तेव्हा बाप पुढं असायचा आणि आई डोक्यावर ओझं घेऊन मागं. फाटा आला की बाप हिरवी डहाळी मोडायचा, जी वाट घ्यायची नाही तिच्यावर आडवी टाकायचा आणि वर दगड ठेवायचा. मागून येणाऱ्या आईला कळायचं, इकडं नाही. लग्न झाल्यापासून डोंगरात मी हिच्यासाठी हेच करत आलोय. परीक्षेच्या नियमात बसतं की नाही, कोण विचारतंय! भांडण भांडणाच्या जागी. पहिल्या फाट्यावर टाकली, दुसऱ्यावर टाकली.

तिसऱ्या फाट्याशी आलो तर वरून हाक आली. आमच्या गटातला ग्रामसेवक खिंडीत उभा राहून ओरडत होता, "सर, दमलात का? खुर्ची पाठवू?" झालं. डोकंच फिरलं माझं. असा काही चढ घेतला की खिंडीच्या पुढं त्याला गाठलं आणि मागं टाकलं. साडेबाराला पाड्यावर पोचलो, आंब्याखाली बसून पाणी प्यालो, फुशारकीही मारून घेतली.

एक वाजला. बायको नाही. सव्वा वाजला. फोनला रेंज नाही. आणि मग आठवलं. तिसऱ्या फाट्यावर मी डहाळी टाकलीच नव्हती.

तसाच उलटा पळालो. ती त्याच फाट्यावर दगडावर बसली होती. हाका मारून मारून घसा बसला होता तिचा. मला पाहिलं तशी उठली आणि माझं तोंड, खांदे चाचपून बघायला लागली.

"कुठं होतात हो? म्हटलं, शुगर उतरली आणि पडलात की काय कुठं!"

"अगं, मी तर पुढं जाऊन पोचलोसुद्धा! तू का थांबलीस? वाट चुकलीस?"

"माझं माहेर हाय हे, विसरलात का? वाट कशाला चुकते? डोळे मिटून गेले असते. पण इथं डहाळी नव्हती. म्हटलं, डहाळी टाकल्याबिगर हे पुढं जायचे नाहीत. म्हणजे मागंच राहिलेत. दोनदा खाली जाऊन शोधून आले."

दोनदा, पायाला फोड आलेले असताना. बर्फ हातचा जाईल हे ठाऊक असताना.

"चुकलो मी," एवढंच म्हणालो. लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच.

"आधी हा गूळ खा," ती म्हणाली.

पाड्यावर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मी सगळी चूक माझ्यावर घेतली, डहाळ्यांचंही सांगून टाकलं. विद्यार्थिनी म्हणाली, "सर, शाळेत मी पाच मिनिटं उशिरा आले तर तुम्ही काय करायचात?"

"बाहेर उभं करायचो."

तिनं वाकून बायकोच्या पायांवरचे फोड बघितले. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी पुन्हा. बाई पुढं, सर मागं. एकच्या आत दोघं आलात तर दोघं जाल, नाहीतर दोघंही घरी."

पुढच्या रविवारी मी मागून निघालो. पहिल्या फाट्यावर डहाळी होती. दुसऱ्यावरही होती. तिसऱ्यावर दोन होत्या, एकीवर एक, वर हा एवढा दगड, आणि दगडावर कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा. मी तिथंच मटकन बसलो आणि भर उन्हात रडलो. सांगायला लाज कसली!

तेवढ्यात वरून, खिंडीतून हाक आली, "अहो, बसताय काय! उठा, मला बर्फाला हात लावायचाय!"

गूळ तोंडात टाकला आणि पळत सुटलो. एकाला दहा मिनिटं कमी असताना आम्ही दोघं पाड्यावर होतो.