मिठीत न लागणारं पिस्तूल

सॉलोमन क्रीकच्या चर्चमध्ये नुसता हात मिळवून भागत नाही. रविवारी सकाळी दाराशी पोचलं की आधी पाद्रीबुवा मिठी मारतात, मग त्यांची बायको, मग कॉफीच्या टेबलापाशी घुटमळणारी सगळी मंडळी. आजारी माणसालाही यातून सुटका नाही, उलट त्याला दोनदा मिठी मारतात. डॉर्था हॅकवर्थ या मिठ्यांमधून गावाची मापं घ्यायची. उभा जन्म शिवणकामात गेलेला, त्यामुळे कुणाची कंबर सुटली, कुणाच्या कॉयरमध्ये गाताना घालायच्या झग्याला या वर्षी शिलाई उसवून वाव द्यावा लागणार, हे तिला टेपशिवाय कळायचं. आणि कोण पिस्तूल लावून आलंय तेही कळायचं. ओक्लाहोमातल्या त्या गावात निम्मं चर्च तरी लावून येतं, त्याचं कुणाला नवल नाही. फक्त ते दिसता कामा नये, असा शिरस्ता. ब्रदर डेल्मरचं दिसायचं नाही, पण मिठी मारली की सरळ बरगडीत घुसायचं. डॉर्था त्याला बाजूने मिठी मारायची आणि वर सांगायची, "डेल्मर, तुझं प्रेम फार टोचतं रे."

तिच्याकडे कपडा शिवून घेणं म्हणजे एक परीक्षाच असे. आरशासमोर उभं राहून मान डोलावली आणि निघालं, असं तिथे चालायचं नाही. आधी खुर्चीत बसायचं. मग ओव्हनमधून भांडं काढताना वाकतो तसं वाकायचं. मग भजन म्हणताना करतो तसे दोन्ही हात वर. आणि शेवटी डॉर्थाला मिठी मारायची. एका नवऱ्या मुलीचा पांढरा झगा या शेवटच्या पायरीला पाठीत टर्रकन उसवला आणि पोरगी रडायला लागली, तर डॉर्थाच्या तोंडात टाचण्या तशाच आणि वरून ही हसतेय. "इथे फाटला ते बरं झालं, बाळा. तिथे फाटला असता तर गावाने नातवंडांपर्यंत सांगितलं असतं," ती म्हणाली आणि लगेच सुई ओवायला बसली.

नवरा ओरेन गेल्यावर खडीच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या त्या घरात ती एकटी उरली. घर जुनं, पण तिचं. शिवणाच्या खोलीच्या भिंती तिने स्वतः फिकट जांभळ्या रंगवलेल्या, खिडकीतून गुरांचं कुरण दिसायचं, आणि माणसं कपडे घेऊन यायची ती पोटभर बोलून जायची. मागच्या हिवाळ्यात कुणीतरी तिच्या शेडमधून जनरेटर उचलून नेला. नेताना ती घरातच होती आणि लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होती. ही गोष्ट तिने हसत हसत फोनवर मुलाला सांगितली, आणि तिथेच चुकलं.

मुलगा रँडल टल्सा शहरात राहायचा. दुसऱ्याच दिवशी तो गाडी हाणत आला, शेड बघितली, लाटणं बघितलं आणि स्वयंपाकघरात येरझारा घालायला लागला. त्याचं म्हणणं सरळ होतं. एक तर आईने पिस्तूल बाळगायचं, तेही कपाटात नाही, अंगावर, रोज. नाही तर घर विकून टल्साला यायचं. त्याच्या गॅरेजवरची खोली रिकामीच होती, गालिचासुद्धा नवा टाकला होता. डॉर्थाला रँडल जिवापाड प्यारा होता, पण ती खोली तिला नको होती. त्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याची खिडकी दिसायची, आणि ओळखीचं एकही माणूस कपडा घेऊन तिथवर येणार नव्हतं. पिस्तूल चालेल, ती म्हणाली.

मदर्स डेला रँडलने खोकं आणून दिलं. आत पिस्तूल होतं तळहातात मावेल एवढं, आणि मूठ चक्क फिकट जांभळी. आता हे त्या मुलखातल्या बापयांचं जुनं दुखणं आहे. बाईला पिस्तूल घ्यायचं म्हटलं की दुकानातलं सगळ्यात इवलंसं, सगळ्यात हलकं उचलायचं, जमलं तर रंगीत. बाई नाजूक, म्हणून पिस्तूलही नाजूक. पण पिस्तूल जितकं हलकं तितका त्याचा धक्का हाताला जास्त, हे स्वतःच्या पिस्तुलाच्या बाबतीत त्यांना पक्कं ठाऊक असतं. बायकोचं किंवा आईचं घेताना नेमका विसर पडतो. डॉर्थाने कुरणाच्या कडेला कागदी थाळी टांगली आणि बार काढला. अंगठ्याच्या बेचक्यात अशी काही चमक निघाली की दोन दिवस कात्री धरवेना. वरची स्लाइड मागे खेचून गोळी आत घ्यायला तिला पिस्तूल गुडघ्यांत धरावं लागायचं. आणि चाप तर असा लांब नि जड, की ओढता ओढता नळी भलतीकडेच वळायची. थाळीला काही झालं नाही. कुरणातल्या गायीही फक्त बघत राहिल्या.

तिने ते बटणांच्या डब्यात ठेवून दिलं. रँडलचा फोन आला की विचारायचा, आवडलं ना? ती म्हणायची, रंग फार सुरेख आहे रे. याच्यात खोटं काही नव्हतं. पण फोन ठेवला की तिचं तिलाच ओशाळं व्हायचं. त्याला सांगावं तर पोराचं मन मोडणार, आणि लगोलग गॅरेजवरची खोली.

शेवटी तिने हे मैत्रिणीला सांगितलं. मैत्रीण म्हणजे लवेटा पॉग, चर्चमध्ये पियानो वाजवणारी, आवाज खणखणीत आणि पोटात काही राहत नाही अशी. लवेटा आधी पोट धरून हसली.

"अगं, मलाही माझ्या हॅरल्डने असलंच आणलं होतं. गुलाबी. मी ते त्यालाच परत दिलं, त्याच्या वाढदिवसाला."

"मग त्याने काय केलं?"

"काय करतो! लावतो ना. चर्चमध्ये. कोटाखाली."

दोघी इतक्या हसल्या की लवेटाला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मग लवेटाने जे करायचं ते केलं, म्हणजे गावभर सांगितलं. दोनच दिवसांनी लवेटाच्या कुरणात बायकांचं जेवण ठरलं, प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा आणि आपलं पिस्तूल आणायचं. एका टेबलावर हिरव्या शेंगांची कॅसरोल, भरलेली अंडी, पीच कॉबलर. दुसऱ्यावर जुनी गोधडी अंथरून रिकामी केलेली पिस्तुलं, सगळ्यांच्या नळ्या मातीच्या बांधाकडे. दोन्ही टेबलांवर सारखीच टीका चालली होती. हिचं कॉबलर गोड जास्त, तिच्या पिस्तुलाची मूठ जाड. बंदुकांच्या दुकानाचा मालक गेलन, बायकांत एकटा बापया म्हणून कानांपर्यंत लाल झालेला, सुरक्षिततेवर नजर ठेवायला आला होता आणि दुकानातली चारदोन पिस्तुलं घेऊन आला होता.

डॉर्थाने प्रत्येक पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा बघितलं आणि मग आपली नेहमीची परीक्षा सुरू केली. कमरेच्या पट्ट्यात खोचायचं आणि खुर्चीत बसायचं. वाकायचं. हात वर करायचे. लवेटाचं रिव्हॉल्व्हर चाप ओढायला लोण्यासारखं होतं, पण मधला गोल फुगवटा बसल्यावर पोटात जायचा. पाद्रीबुवांच्या बायकोचं हाताला छान बसलं, पण स्वेटरखालून विटेसारखं दिसायचं. गेलनने नवल करत विचारलं की मिस डॉर्था, बाकीची गिऱ्हाइकं आधी किती गोळ्या मावतात ते विचारतात, तुम्ही हे काय करताय? ती म्हणाली, मी फिटिंग बघतेय, आणि तूही जरा ताठ उभा राहा, तुझा शर्ट खांद्यात ओढतोय.

मग गेलनने सगळ्यात शेवटचं पुढे केलं. काळं, साधं, अजिबात देखणं नाही. पण चपटं, खिशातल्या प्रार्थनेच्या पुस्तकाएवढं जाड असेल नसेल. हातात घेतल्यावर जरा वजन लागलं, आणि तेच बरं वाटलं. मूठ एवढी लांब की करंगळीलाही जागा मिळाली. स्लाइड तिने दोन बोटांनी ओढली आणि ती आली. रिकाम्यानेच चाप ओढून बघितला: आधी थोडी सैल वाट, मग बोटाला एक हलका अडथळा, आणि तिथून जराशा दाबाने खटका. धार लावलेली कात्री कापडात जाते तसा. डॉर्थाने तो पुन्हा ओढला, पुन्हा ओढला. मग गोळ्या भरून बांधापाशी लावलेल्या कागदी थाळीसमोर उभी राहिली. पहिला बार थाळीच्या काठावर, दुसरा आत, तिसरा दुसऱ्याच्या शेजारी. हात दुखला नाही. ओरेन गेल्यापासून आपण अशा मोठ्याने हसलो नव्हतो हे तिला हसता हसताच कळलं, आणि तिला फार फार आनंद झाला.

"थांब," ती लवेटाला म्हणाली. पिस्तूल रिकामं करून तिने कमरेला पुढच्या बाजूला खोचलं, वर स्वेटर ओढला. "आता मिठी मार."

लवेटाने मारली, आणि लवेटा काही हलक्या हाताने मिठी मारणारी नव्हे.

"लागतंय का?"

"कुठेय?" लवेटा म्हणाली.

त्या उन्हाळ्यात डॉर्थाने ते काळं पिस्तूल विकत घेतलं, परवान्याचा वर्ग केला आणि शिवणाचं सगळं कसब पणाला लावलं. खोगीर शिवणाऱ्याकडून चाप पूर्ण झाकेल असं कडक चामडी म्यान बनवून घेतलं, ते रुंद कापडी पट्ट्यात बसवलं, आणि चर्चला घालायच्या प्रत्येक झग्याच्या बाजूच्या शिलाईत हात जाईल अशी फट ठेवली, वरून दिसणार नाही अशी. झगा, पट्टा आणि पिस्तूल घालून ती स्वयंपाकघरात वाकली, बसली, हात वर केले. एकटीच होती, म्हणून मिठी फ्रीजला मारून बघितली.

शरद ऋतूत, चर्चच्या वार्षिक मेळाव्याला रँडल आला. आल्या आल्या त्याने विचारलं, पिस्तूल रोज लावतेस? हो, म्हणाली. तो तिच्याकडे वरून खाली बघत राहिला आणि मग म्हणाला की ठीक आहे, आज दिवसभर तो बघणार. पिस्तूल लोकांना दिसलं तर ते नसल्यापेक्षा वाईट. संध्याकाळपर्यंत त्याला कळलं कुठेय, तर टल्साबद्दल पुन्हा बोलायचं. डॉर्था म्हणाली, चालेल.

चर्चमध्ये तो पोलिसासारखा तिच्या बाजूला बसला. भजनाला तिने दोन्ही हात वर केले, तो कंबर बघत होता. तिने मुद्दाम रुमाल पाडला, ती वाकताना तो पाठ बघत होता. दाराशी सगळ्या गावाने तिला मिठ्या मारल्या, ब्रदर डेल्मरने तर घट्ट मारली, आणि रँडल प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काही उमटतं का ते शोधत होता. लवेटा मागून सगळं बघत पियानोवर उगाचच उडती चाल वाजवत राहिली. जेवताना त्याने विचारलं, पर्समध्ये? तिने पर्स उघडून पालथी केली. पेपरमिंटच्या गोळ्या, टाचण्या, कूपनं. मग त्याने घोट्यांकडे बघितलं.

घरी आल्यावर तो शिवणाच्या खोलीत बसला, आणि हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्याने बटणांचा डबा उघडला. आत जांभळी मूठ दिसली. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे तू लावतच नाहीस. आई, तू मला हो म्हणालीस."

"रँडल, ऐक तर."

"मला झोप लागत नाही गं. फोन वाजला की वाटतं, आता काहीतरी ऐकायला मिळणार. जांभळं शोधायला मी तीन गावं फिरलो, तुझ्या खोलीचा रंग म्हणून. तरी तू ते..." त्याने उठून आईला जवळ घेतलं, लहानपणी पडल्यावर बिलगायचा तसं घट्ट. "चल ना टल्साला."

डॉर्थाचेही डोळे भरले, पण तिने त्याला सोडलं नाही. त्याच्या पाठीवर हात फिरवत ती म्हणाली, "रँडल, तुला आत्ता काही लागतंय का?"

"काय लागायचंय?"

"नीट बघ. टोचतंय कुठे?"

"नाही गं."

"तुझ्या नि माझ्या मधे आहे ते."

तो मागे सरला, तिच्या झग्याकडे बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं. मग डोळे पुसत हसायला लागला, ते थांबेचना. ती त्याला कुरणाकडे घेऊन गेली आणि त्याच्यासमोर कागदी थाळीच्या मधोमध भोकं पाडून दाखवली. मग जांभळं त्याच्या हातात दिलं. त्याने ते विकत घेतल्यापासून एकदाही उडवलं नव्हतं. एकच बार काढला आणि हात झटकत अशी काही शिवी घातली की रविवार असूनही डॉर्थाने ती ऐकलीच नाही असं दाखवलं.

घरात परत आल्यावर त्याने तिला पुन्हा मिठी मारली. या वेळी ती कण्हली.

"तुझं पिस्तूल मात्र बरगडीत घुसतंय. डेल्मरपेक्षा वाईट. गेली कित्येक वर्षं सोसतेय मी," ती म्हणाली आणि गळ्यातला टेप काढला. "कोट काढ. हात वर कर."

रँडलने निमूटपणे हात वर केले. टेप कमरेभोवती आला तेव्हा त्याने विचारलं, पट्टा कधी मिळेल? डॉर्थाच्या तोंडात टाचण्या होत्या, तरी तिचं म्हणणं त्याला नीट समजलं: पुढच्या रविवारी, फिटिंगला यायचं, इथे.