रिकामी रेघ

मामा आगीला तिच्या नावाने कधी हाक मारत नसत. होळी झाली की पावसाळ्यापर्यंत 'वणवा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. ते तिला 'तांबडी' म्हणत, गोठ्यातल्या एखाद्या खोडकर गाईबद्दल बोलावे तसे. "तांबडी चढाला पळती, उताराला लंगडती," ते सांगत. "तिच्या तोंडापुढं उभं ऱ्हायचं न्हाई. शेपटाकडनं जायचं, कडंकडंनं झोडपत." कडुनिंबाचा ओला डहाळा जमिनीवर आपटून ते हे करूनही दाखवत, आणि टेकडीवर फिरायला आलेली पेन्शनर मंडळी दोन पावले मागे सरकत.

रेवा, ईशान, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की तिकडे जंगल पेटले आहे, धुरामुळे शाळेला सुट्टी आहे. ईशानने विचारले, "आजी, तू पाहिलीस का कधी अशी आग?" मी "हो, लहानशी" म्हणाले आणि जेवणाचे विचारू लागले. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

आम्ही कर्वेनगरला राहायला आलो तेव्हा तुमची आई आठवीत होती. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि रोज पहाटे टेकडीवर जात असे. मामा तिथले राखणदार, वनखात्याचे पण रोजंदारीवरचे. टेकडीच्या पायथ्याचे त्यांचे गाव शहराने केव्हाच पोटात घेतले होते. त्यांचे खरे नाव आमच्यापैकी कुणी विचारले नाही. सगळ्यांचे ते मामा, आणि मी त्यांची 'बाई'.

दिवाळीनंतर गवत पिवळे पडले की मामा चार मजूर बायकांना घेऊन टेकडीच्या अंगावर दहा-बारा पावले रुंदीचा पट्टा काढत. गवत कापायचे, बुडखे खरवडायचे, लाल माती उघडी करायची. कागदोपत्री तिला जाळरेषा म्हणत, मामा नुसतेच 'रेघ' म्हणत. पुढे उन्हाळाभर ते रोज त्या रेघेवरून एक फेरी मारत आणि पडलेली काटकी न काटकी उचलत. मी एकदा थट्टेने म्हटले, "मामा, टेकडीचा भांग पाडलात की काय?"

"व्हय बाई. भांग पाडला म्हंजी उवा दिसत्यात." आणि त्यांनी हनुवटीने खालच्या बाकाकडे खूण केली. तिथे दोघेजण विड्या शिलगावत होते.

विडी-काडीवर त्यांची करडी नजर. पायवाटेच्या तोंडाशी ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन बसत. काडेपेट्या त्यात जमा करायच्या, उतरताना परत घ्यायच्या. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त न्यायाधीश एकदा उखडले. "अहो, मी कायदा जाणतो."

"मग काडी बी जाणत असाल," मामा म्हणाले आणि डबा पुढे केला. न्यायाधीशांनी पेटी टाकली. पुढे दोन दिवस ते दुसऱ्या वाटेने फिरले, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने परत आले.

खरा वाद मात्र त्यांचा भावकीशीच होता. चैत्रात टेकडी जाळली की पावसात गवत जोमाने येते, असे गावात पिढ्यान् पिढ्या मानत आलेले. मामा त्यांना सांगत, "राखंवर हिरवं दिसतं, त्याला भुलू नगा. मुळं भाजली, माती नाल्यात गेली, दहा वर्सांनी तुमच्या म्हशी धोंडं चाटतील." त्याच दिवसांत चंडोल जमिनीवरच गवताच्या आडोशाला अंडी घालतो. मामांना घरटे दिसले की ते जरा दूर तीन दगड मांडून ठेवत, कुणाचा पाय पडू नये म्हणून. मला त्यांनी असे एक घरटे दाखवले होते. तीन अंडी होती, मातीच्याच रंगाची. मी उगाचच कुजबुजत बोलू लागले.

एके वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी, सकाळीच, ते कागद घेऊन घरी आले. अकरा वर्षांच्या रोजंदारीनंतर त्यांचे नाव कायम करायच्या यादीत आले होते. "साहेब म्हनले, येवढा उन्हाळा बिनवणव्याचा काढ, म्हंजी झालं." वणवा हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला तो तेवढाच. अर्ज मी भरला. माझे अक्षर पाहून ते म्हणाले, "बाई, ह्याला न्हाई म्हनायची साहेबाची टाप न्हाई."

पाडव्यानंतर मामा चार दिवस बहिणीकडे मुळशीला गेले. आमच्या फिरायला येणाऱ्या बायकांचा एक गट होता. त्याची चिटणीस अर्थात मी. मामा येईपर्यंत पायवाट लख्ख करून ठेवावी, त्यांना बरे वाटेल, अशी कल्पना माझीच. दोन सकाळी आम्ही दहाजणींनी वाट झाडली. गिरिपुष्पाचा वाळका पाला पोत्यांनी निघाला. "हा टाकायचा कुठे?" कुणीतरी विचारले. मी आजूबाजूला पाहिले. शेजारीच तो लाल मातीचा पट्टा होता, स्वच्छ, मोकळा, कुणाच्या उपयोगाचा नसलेला. "तिथे टाका," मी म्हणाले. पाला उडू नये म्हणून मी तो या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळीने, नीट दाबून रचून घेतला.

रविवारी दुपारी रेघेखालच्या उतारावर कुणीतरी गवत पेटवले. गॅलरीतून धूर दिसला तशी मी धावत वर गेले. मामा सकाळीच परतले होते, पण रेघेवरची फेरी व्हायची होती. गावातली, सोसायटीतली माणसे ओले डहाळे घेऊन कडेने झोडपत होती. मामा ओरडत होते, "वर कुनी जायचं न्हाई! रेघंवर थांबंल ती! पुढं येऊ द्या!" आग रेघेपर्यंत आली आणि खरोखरच थांबली, डावीकडे थांबली, उजवीकडे थांबली. मधोमध आमचा पाला होता. त्यावरून ती पूल ओलांडावा तशी शांतपणे पलीकडे गेली. मामांनी चार वर्षे घागरीने पाणी घालून जगवलेली रोपे पलीकडे होती. दगड मांडलेली घरटीही तिकडेच. संध्याकाळी वरच्या रस्त्यापाशी ती विझली. माणसे सगळी सुखरूप होती, तीही मामांच्या ओरडण्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. आम्ही सगळे काळ्या पडलेल्या उतारावर उभे होतो. साहेबांनी पट्ट्यातली राख बुटाने उकरली. "पट्ट्यात पाला कसा? साफ का नव्हता?"

मामांनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "मी गावाला गेलतो साहेब. चूक झाली."

मी पाच पावलांवर होते. गटातल्या नऊजणी माझ्याकडे पाहत होत्या. मी वाकून चपलेतली राख झटकू लागले. साहेब वहीत काहीतरी लिहून निघून गेले.

दुपारी मी पत्र लिहिले. इंग्रजीत, दोन पानी, दोष सर्वस्वी माझा असल्याचे. ते घेऊन कचेरीत गेले. साहेबांनी ते अदबीने वाचले. "फार छान लिहिलंय आपण. पण अहवाल सकाळीच गेला. आणि त्याने स्वतःच कबूल केलंय, तुमच्यासमोर." मामांचे नाव यादीतून गेले. महिन्याभरात त्यांची येरवड्यापलीकडच्या कुठल्याशा टेकडीवर रवानगी झाली.

जाण्याआधी मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी तळहातावर तंबाखू घेतली. मग म्हणाले, "बाई, रेघ रिकामी दिसती, पर ती रिकामी नसती. तिचं काम चालू असतं. ह्ये तुमाला सांगाया हवं हुतं. काडेपेटीचं समद्यांना सांगितलं, रेघंचं कुनालाच न्हाई. वाटलं, दिसतंयच की." त्यांना खरेच तसे वाटत होते, की माझी लाज हलकी करायला ते म्हणाले, हे मला आजवर कळलेले नाही.

पुढे गुडघे साथ देत होते तोवर मी दर उन्हाळ्यात त्या पट्ट्याशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कशासाठी आहे ते सांगत असे. काहीजण ऐकत. काहीजण म्हणत, "बाई, निवृत्तीनंतर वेळ जात नाही वाटतं?" पण मामा पुढे कायम झाले की नाही, याची चौकशी मी कधीच केली नाही. येरवडा काही लांब नव्हता. उत्तर 'नाही' असे येईल, याची भीती वाटत होती.

मुलांनो, तुमच्या आजीचे पत्र चांगले होते. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. पण ते दुपारी लिहिलेले होते. सकाळी, त्या काळ्या उतारावर, साहेबांसमोर आणि त्या नऊजणींसमोर, तीन साधे मराठी शब्द पुरले असते: पाला मी टाकला.